घराचं मत

आमच्या मराठी मंडळात निवडणूक होत नाही. सगळं बिनविरोध होतं, आणि ही गोष्ट आमचे लोक इतक्या कौतुकानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, निवडणूक हा काहीतरी कातडीचा रोग आहे आणि आम्हाला तो अजून झालेला नाही. मंडळाचा हॉल बनशंकरीत आहे. आमचं घरही बनशंकरीतच, पण ऑटो करण्याएवढं लांब.

पद्धत ठरलेली. वार्षिक सभेला अध्यक्ष उठतात आणि म्हणतात, "आता मला मोकळं करा. नव्या रक्ताला वाव द्या." लगेच चहूकडून "छे छे!", "भलतंच काय!", "तुमच्याशिवाय आहे कोण?" मग ते खाली बघतात. एक सूचक उठतो, एक अनुमोदक उठतो, टाळ्या पडतात, आणि "तुमचा आग्रहच आहे तर" म्हणत ते पुन्हा अध्यक्ष होतात. तोवर मागून बटाटेवड्यांचा वास सुटलेला असतो. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा हे गृहस्थ अध्यक्ष झाले. आता ती इंदिरानगरला वेगळी राहते, नोकरी करते. गृहस्थ अजून मोकळे व्हायची वाट बघताहेत. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या घरी दुखणं-खुपणं असलं तर पहिला हाच पोचतो. आणि टाळ्या मीसुद्धा वाजवल्यात. वडे गरम मिळावेत म्हणून जरा लवकरच वाजवल्यात.

माझं डोकं फिरलं ते सासूबाईंवरून.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इकडे आणलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. शेजारी कन्नड, भाजीवाली तमिळ, समोरच्या घरातलं जोडपं दिवसभर हेडफोन लावून आपसातही इंग्रजीत बोलणारं. सासूबाईंना 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढे दोन शब्द आले, आणि दोन शब्दांत माणूस किती दिवस काढणार? पहिले काही महिने त्या खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायच्या. मग तेही बंद झालं. नावं ठेवायची थांबल्या तेव्हा मी घाबरले.

मग कुणीतरी सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायका जमतात. मी त्यांना सोडायला गेले. आत सतरंजीवर मेंढीकोट चालला होता. हे भजनी मंडळ असेल अशी माझी समजूत होती, तिथं एक बाई दुसरीला "हुकूम काय झोपायला ठेवलाय?" म्हणून झापत होती. सासूबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "एक भिडू कमी दिसतोय."

त्यांची भिडू म्हणजे अक्का. निपाणीकडची, सासूबाईंच्याच वयाची, हॉलच्या मागच्याच गल्लीत भाड्यानं राहणारी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं धडधाकट. पहिल्याच दिवशी तिनं सासूबाईंना विचारलं, "पुण्याची काय गं तू? मग पत्ते तरी नीट खेळतीस, का नुसतंच बोलतीस?" सासूबाई घरी आल्या त्या हसतच. त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवार सोडून बाकीचे दिवस आमच्या घरी फक्त मध्ये यायला म्हणून येत. ऑटोवालेसुद्धा त्यांना ओळखायला लागले. "बन्नी अज्जी", म्हणजे 'या आजी', म्हणायचे आणि न विचारता हॉलकडे वळायचे.

आणि त्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी ठराव आणला की सोमवार ते शुक्रवार हॉल एका कोचिंग क्लासला द्यायचा. छप्पर गळत होतं, हे खरं. दुरुस्तीला भाडं उपयोगी पडणार होतं, हेही खरं. "दुपारी हॉल तसाही रिकामाच असतो," असं ते म्हणाले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी अक्का. दोघींचे चेहरे एकदम पडले. रिकामा म्हणजे यांच्यासकट रिकामा.

सूचक उठला. अनुमोदक उठला. टाळ्यांसाठी हात वर गेले, आणि मी म्हटलं, "मतदान घ्या."

जे काही शांत झालं ना! भर सभेत मी काही अश्लील बोलले असते तरी इतकी शांतता झाली नसती. मग एकेक जण समजूत काढायला लागला. "वहिनी, आपल्यात कशाला मतदान?" "आपण काय राजकारणी आहोत का?" "घरातल्या घरात फूट पडते हो." एचएसआर लेआउटहून दरवर्षी फक्त गणपतीला आणि सभेच्या वड्यांना येणारा एक तरुण म्हणाला, "ॲक्च्युअली कन्सेन्सस इज मोअर डेमोक्रॅटिक." मी त्याला विचारलं, "लोकसभेला मत दिलंस का रे?" तो म्हणाला, "त्या वीकेंडला आम्ही कूर्गला होतो."

हे एक मला कधी कळलं नाही. मतदानाची सुट्टी लागली की आमच्या ओळखीतली माणसं कूर्गला जातात, चिकमगळूरला जातात, आणि परत आल्यावर देशाचं कसं होणार म्हणून पार पहाटेपर्यंत मेसेज पाठवतात. लोकशाही दिल्लीत धोक्यात आहे, मुंबईत विकली गेली आहे, विधानसौधात तर बघायलाच नको. फक्त ती आपल्या हॉलमध्ये आणू नका, वडे गार होतात. मी हे सगळं तिथं बोलले. आवाज जरा चढला होता. नवरा छताकडे बघत होता, जिथून गळत होतं तिकडे.

अध्यक्षांचं मात्र मला कौतुक वाटलं. ते म्हणाले, "एका सभासदाची मागणी आहे तर घेऊ. पुढच्या रविवारी. गुप्त घ्यायचं का?" मी म्हटलं, "गुप्तच. उघड घेतलंत तर तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणणार?" ते म्हणाले, "बरं." आणि मग हळूच, "पण वहिनी, सभासद तुम्ही नाही. तुमचे मिस्टर आहेत."

तर आमच्या मंडळाचा नियम असा, की एका कुटुंबाला एक मत, आणि ते कुटुंबप्रमुखाचं. कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या फोनवर मंडळाचे मेसेज येतात तो. इतकी वर्षं मी टाळ्या वाजवत होते आणि त्या कुठे धरल्याच जात नव्हत्या. अक्काचं तर सभासदत्वच नव्हतं, "वर्गणी भरणारं कोण हाय घरात माज्या?" म्हणायची. हॉल जायचा होता म्हाताऱ्यांचा, आणि सतरंजीवर बसणाऱ्या एकीलाही मत नव्हतं.

सासूबाईंना ते जास्त लागलं. पुण्यात असताना त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. सकाळी उठून, न्हाऊन, चांगलं पातळ नेसून, सासऱ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभ्या राहायच्या. इकडे आल्यावर मतदारयादीत नाव घालायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. तो "करतो गं आई, करतो" म्हणत होता. तेव्हा लोकसभेच्या दिवशी त्या चांगलं पातळ नेसून खिडकीशी बसल्या होत्या. मला आठवलं की अजून चीड येते.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "आपलं मत नाही म्हणून टाकायचं." तो म्हणाला, "अगं, छप्पर गळतंय. भावनेवर छप्पर दुरुस्त होतं का?" मी म्हटलं, "भावना? आईंचे पत्ते म्हणजे भावना?" मी आणखी एक बोलले. दरवर्षी गणपतीत मंडळाचं नाटक असतं आणि ते अध्यक्ष बसवतात. नवऱ्याला आजवर त्यात चहा आणणाऱ्या नोकराचंच काम मिळायचं. त्या वर्षी त्याला इन्स्पेक्टर दिला होता. "इन्स्पेक्टरसाहेबांना वरून हुकूम आलाय वाटतं," मी म्हटलं. तो ताटावरून उठायच्याच बेतात होता.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "ते मत कुणाचं आहे?"

नवरा म्हणाला, "घराचं."

"मग घराला विचारा."

झालं. आमच्या घरात मतदान घ्यायचं ठरलं. मी तीन चिठ्ठ्या केल्या. सासूबाईंनी गुळाचा रिकामा डबा पुसून आणला आणि सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करून लिहायचं असं फर्मावलं. ऐंशीच्या वर वय, पण शिस्त बघा. चिठ्ठ्या उघडल्या. एक 'हो', दोन 'नाही'. तिघांची तीन अक्षरं, गुप्त काय डोंबल राहणार? पण सासूबाईंनी कुणाकडे न बघता निकाल सांगितला, "घराचं मत नाही असं आहे." मग मुलाला म्हणाल्या, "तुला पटलं नाही, ते मला कळलं. पण आता हे घराचं झालं. तेच टाकायचं."

"हो आई," तो म्हणाला.

रविवारी मी आणि सासूबाई हॉलच्या दाराशी उभ्या होतो. अक्का काठी घेऊन आली होती. टेबलावर एक खोकं ठेवलं होतं, त्याला वरून फट. कुटुंबप्रमुख एकेक करून आत जात होते आणि बाहेर येऊन हात झटकत होते. नवरा गेला. खोक्याशी एक क्षण थांबला. आला. "टाकलं?" मी विचारलं. "टाकलं," तो म्हणाला.

आम्ही एका मतानं हरलो.

अध्यक्षांनी आकडे वाचले, पुन्हा मोजून घेतले, सगळ्यांना दाखवले. कुठे काही वाकडं नव्हतं. अक्का म्हणाली, "असू दे गं. एकच कमी पडलं की."  सासूबाईंनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि मग चपला शोधायला लागल्या.

 मी मात्र मनातल्या मनात घरं मोजत होते. आणि प्रत्येक वेळी शेवटी माझ्याच घरापाशी येऊन अडत होते. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हटलं, "विचारू का त्याला?" त्या म्हणाल्या, "गुप्त मतदान कुणी मागितलं होतं?" मी म्हटलं, "मी." "मग गप बस." त्या रात्री दुधीची भाजी होती. नवऱ्याला दुधी बघूनच मळमळतं. त्यानं ती खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली.

क्लास सुरू झाला. हॉलवर कोचिंगची पाटी लागली. मी बायकांना म्हटलं, आमच्या घरी या. आल्या. पण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मंगळवारी अक्का प्रत्येक पायरीवर देवाला एक शिवी देत वर आली, आणि खाली उतरताना तिला दोघींनी धरावं लागलं. पुढच्या वेळी ती म्हणाली, "ह्या आठवड्याला गुडघा फुगलाय." त्याच्या पुढच्या वेळी काही म्हणालीच नाही. मग एक दिवस फोन आला की ती निपाणीला भावाकडे चालली आहे, कायमची. "इथं बसून भिंतीसंगं बोलायचं, त्यापरास भावजयीसंगं भांडलेलं बरं की," म्हणाली. सासूबाईंनी तिला फोनवर बराच वेळ दम दिला, मग फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेल्या.

भिडूशिवाय मेंढीकोट होत नाही. बाकीच्याही हळूहळू गळाल्या. सासूबाई परत खिडकीशी बसायला लागल्या. इन्स्पेक्टरचं काम त्या वर्षी छान झालं, सगळे म्हणाले. छप्परही दुरुस्त झालं, तेही छान झालं.

मी त्या वर्षात एकच काम केलं. नियम बदलायच्या मागे लागले. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला एक मत. घराला नाही, माणसाला. आणि वर्गणी परवडत नसेल त्या म्हाताऱ्या माणसाला वर्गणीशिवाय. घरोघर गेले. बायकांना पटवायला वेळ लागला नाही. पुरुष म्हणायचे, "आमच्या घरात आम्ही एकमतानं ठरवतो." मी म्हणायचे, "मग घाबरता कशाला? एकाऐवजी चार मतं पडतील, सगळी तुमचीच." असं म्हटलं की ते विचारात पडत. लोकांना वाटत असतं की बदल म्हणजे मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या इमारतींत करायची गोष्ट. मी तर तो बहुतेक लोकांच्या दाराबाहेर चपला न काढता, उभ्या उभ्या केला. चहा मात्र फार प्यावा लागला.

पुढच्या वार्षिक सभेत मी दुरुस्ती मांडली. दोन तासांचं भाषण तयार करून नेलं होतं, आणि विरोधकांना काय काय ऐकवायचं तेही. अध्यक्ष म्हणाले, "सूचना चांगली आहे." सूचक उठला. अनुमोदक उठला. टाळ्यांच्या कडकडाटात दुरुस्ती बिनविरोध मंजूर झाली. मतदान घ्या, असं म्हणायला कुणी उठलं नाही. मीही नाही.

मग क्लासचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हा विषय आला. अध्यक्ष म्हणाले, "नियम बदललाच आहे तर आजच नव्या पद्धतीनं घेऊ." खोकं आणलं. या वेळी रांग हॉलच्या बाहेर गेली. बायका होत्या, कॉलेजातली पोरं होती, कधी नव्हे ते आजोबा-आजी होते. कूर्गवाला तरुणही होता, त्याची बायकोही होती, आणि दोघं वेगवेगळे उभे होते. सासूबाईंनी चांगलं पातळ नेसलं होतं. वर्षभरात हातात आलेली काठी त्यांनी माझ्याकडे दिली, चिठ्ठी दोनदा घडी केली, फटीत सरकवली आणि खोक्यावर हलकेच थोपटलं. मला एकदम रडू आलं. रांगेत रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी नाक शिंकरलं.

क्लास हरला, आणि चांगलाच हरला. अध्यक्ष आमच्याकडे येऊन हात जोडून म्हणाले, "आजी, पुढच्या महिन्यापासून मंगळवार-शुक्रवार तुमचे." सासूबाई म्हणाल्या, "छप्पर चांगलं केलंत." ते खूश झाले.

परत येताना तिघं एका ऑटोत होतो. मी आनंदात बडबडत होते, की अक्काला कळवू या, तिनं ऐकलं की पळत येईल. सासूबाई म्हणाल्या, "ती नाही येणार आता. गेल्या महिन्यात तिनं अंथरूण धरलंय. भावजयीचा फोन आला होता." मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. सभेला वर्ष थांबता येतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला नाही थांबता येत. 

थोड्या वेळानं नवऱ्यानं, वातावरण हलकं करायला असेल, विचारलं, "आई, तू कुणाला दिलंस मत?"

"तुला कशाला सांगू?"

तो हसला नाही. बाहेर बघत राहिला. सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा म्हणाला, "आई, मागच्या वर्षी मी क्लासलाच दिलं होतं."

 म्हणजे वर्षभर मी ज्या घरापाशी येऊन अडत होते, ते बरोबर होतं. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. पण सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या रात्री दुधी मागून घेतलास."

"नाटकासाठी नाही गं आई. शपथ. मला खरंच वाटत होतं छप्पर आधी. माझं प्रामाणिक मत होतं ते."

"असू दे की. तुझं मत तू डब्यात टाकलंस, मी मोजलं ते. एक." सासूबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पण खोक्यात टाकायला मी तुझ्या हातात दिलं होतं ना, ते तुझं नव्हतं रे. ते माझं होतं."

नवऱ्यानं चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला.  सिग्नल सुटला. पुढे आमच्या घराचं वळण आलं तेव्हा ऑटोवाल्यानं विचारलं, "लेफ्टा, रैटा, सार?" उत्तर द्यायचं कुणाला सुचलं नाही. तो बिचारा सरळ गेला, आणि आम्हाला पुढच्या सर्कलवरून वळून यावं लागलं.